नेमाण्णांचे चौदा बिब्बे

शनिवार, ७ डिसेंबर १९४६. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. हरिपूर.
पाचला उठले. थंडी बरीच. सयाजीकडचा थर्मामीटर काल फुटला, नवा आणायला तो टांग्याने मिरजेला गेला, चारपर्यंत येतो म्हणाला. साडेसातला नेमाण्णांचा काढा झाला. बिब्बे चौदा. नाडी ७६. वजन कालच्यापेक्षा पावशेर कमी. आज चतुर्दशी, म्हणून त्यांच्याकडे तूप-दूध बंद. अंजनाची नखं कापून दिली.

ही नोंद मी सकाळी आठला केली. माझ्याच हाताने त्यात काय लिहिलं गेलं होतं, ते मला दुपारी चारनंतर कळलं.

नेमगोंडा पाटील, म्हणजे आमचे शेजारी नेमाण्णा, हळदीचे व्यापारी होते. हरिपुरात हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत तीन पुरुष खोल खड्डा, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड. आत हळद वर्षानुवर्षं टिकते, पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. कोंडलेली हवा माणूस मारते. तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोराने कंदील सोडायचा, कंदील तेवत राहिला तर माणूस. गावात कुणाचंही पेव उघडायचं असलं की नेमाण्णांना बोलावणं यायचं. कंदील तर ते सोडतच, पण त्याआधी पेवाच्या तोंडाशी पालथे पडून वास घेत. "अजून न्हाई," म्हणाले, की मालक कितीही घाईत असो, कुणी उतरत नसे. त्यांच्या देखरेखीखाली चाळीस वर्षांत एक माणूस दगावला नाही.

त्यांची नखं कायमची पिवळी. हळकुंड कानाशी धरून मोडत आणि आवाजावरून ते कोणत्या साली काढलेलं ते सांगत. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. अष्टमीला मीठ नाही, चतुर्दशीला तूप-दूध नाही. हे त्याग त्यांनी लग्नाआधी जैन मुनींसमोर घेतले होते आणि गाजावाजा न करता पाळले होते. कुणी जेवायला आग्रह केला तर "आज जमायचं न्हाई गड्या" एवढंच.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात त्यांचा एकुलता मुलगा सुकुमार आणि सून आठ दिवसांच्या अंतराने विषमज्वराने गेली. मागे अंजना राहिली, तीन वर्षांची. पुढच्या उन्हाळ्यात नेमाण्णा स्वतःच्या पेवात उतरले होते, वर येताना दोरावरचे हात सुटले. दोन गड्यांनी कमरेचा दोर ओढून त्यांना बाहेर काढलं. त्या संध्याकाळी ते माझ्या पडवीत येऊन बसले.

"बाई, मी एकसष्ट. पोर चार वर्साची. तिला तुमच्यावाणी शिकवायची म्हटलं तर मला अजून पंधरा वर्सं पायजेत. तुमी एवढं वाचता. कुठं मिळत्यात काय?"

विचारताना ते हसत होते.

मी त्यांना सयाजीचं नाव सांगितलं. इथून जे घडलं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे, हे आधीच लिहून टाकते.

सयाजी रहिमतपूरचा. त्याची आई तानुबाई साताऱ्याला माझ्या माहेरी कामाला होती. तो लढाईत फौजेच्या इस्पितळात नर्सिंग हवालदार होता, बाप झाडपाल्याची औषधं देणारा. लढाई संपल्यावर घरी आला तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की अमेरिकेत काही उंदरांना पोटभर खायला दिलं आणि काहींना बेताचं, तर बेताचं खाणारे खूपच जास्त जगले. सयाजीला त्या उंदरांनी पछाडलं होतं.

"आवं बाई, उंदीर जगतोय तर माणूस का न्हाई? म्हातारपण म्हंजी एक दुखणंच की. दुखणं हाय तर औषध असणार. आपल्या जुन्या वैद्यांनी काय उगंच लिवलंय? अंधारी झोपडी, बेताचं खाणं आन बिब्ब्याचं रसायन. पर लिवून ठिवाय पायजे. न लिवता केलं तर ती भगतगिरी, लिवून केलं तर शास्त्र."

तो ठक नव्हता. येण्याजाण्याच्या भाड्यापलीकडे त्याने कधी काही घेतलं नाही. आणि "लिवून ठिवाय पायजे" या शब्दांनी मी भुलले. नोंदी कोण ठेवणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

विरोध फक्त पद्मावतींनी केला. पद्माक्का, नेमाण्णांची बायको.

"पेवात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर तरी असतोय. ह्या झोपडीत ह्यास्नी वर कोण वढणार?"

"मी हाय की अक्का," सयाजी म्हणाला.

"तू? तुला अजून धड मिशी फुटली न्हाई, आन तू म्हातारपण काढतोस व्हय?"

नेमाण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सयाजीच्या बापाच्या औषधाच्या कृतीत मध होता. "मध आमाला चालणार न्हाई," नेमाण्णांनी सांगितलं. मधाऐवजी खडीसाखर ठरली. ही एक अडचण सुटली तेव्हा आम्हाला वाटलं, धर्माच्या बाजूने आता दुसरी अडचण उरली नाही.

परसात खोलीच्या आत खोली अशी झोपडी बांधली. खिडकी नाही. दारावर गोणपाटाचे दोन पडदे, एक बाहेरच्या दाराला, एक आतल्या. आत एरंडेलाची पणती. मार्गशीर्ष प्रतिपदेला नेमाण्णा आत बसले. पहिल्या दिवशी एक बिब्बा, दुसऱ्या दिवशी दोन, असं वीसपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं. बिब्बा काय चीज आहे हे आमच्याकडे पोरंही जाणतात. धोब्याच्या खुणेचा काळा रस अंगाला लागला की फोड उठतात. म्हणून पद्माक्का तोंडाला फडकं बांधून, हाताला खोबरेल चोपडून काढा उकळत. आधी नेमाण्णांच्या तोंडात आतून बोटाने तूप फिरवायचं, मग काढा भरपूर दूध-तूप घालून द्यायचा. त्या तुपानेच बिब्ब्याचा दाह आवरतो. मी नाडी, वजन, खाणं, लघवी लिहायची. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा सयाजी त्यांना मुठीत दाबायला लावी आणि काटा किती चढला ते मला सांगे. मुठीत जोर किती आला, ते त्यावरून कळे.

आणि काटा चढत होता, हे खरं आहे. आठव्या दिवशी तो पहिल्यापेक्षा चांगला वर गेला. नेमाण्णांनी पणतीच्या उजेडात सुई ओवून दाखवली. अंजना रोज पडद्याबाहेर उभी राहून हाक मारी, "आजा, लहान झालास काय?"

"हुतोय बाळ, हुतोय. पुढच्या म्हैन्यात तुझ्याएवढा."

"मग माझं परकर घालू नगंस!"

आठवा दिवस म्हणजे अष्टमी. त्या दिवशी मीठ सोडायचं, तर पथ्यात मीठ आधीच बंद होतं. "बगा बाई, शास्त्राला आमचा धर्म ठावं हाय," नेमाण्णा आतून म्हणाले. आम्ही सगळे हसलो. त्यापुढे सहा दिवसांनी चतुर्दशी होती.

शनिवारी सकाळी पद्माक्का काही विसरल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात तसं बोललं गेलं. चतुर्दशीला त्या घरात तुपाचा डबा शिंकाळ्यावरून खाली येतच नसे. चाळीस वर्षं हातांना ती सवय. त्यांनी काढा पाण्यातच दिला, तोंडात तूप फिरवलं नाही. नेमाण्णांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण तो दिवस तसाच असतो. सयाजीने बघितलं असतं तर तो ओरडला असता, पण तो टांग्यात होता. मी बघितलं आणि लिहिलं.

दहाला नेमाण्णा म्हणाले, ओठ चुणचुणताहेत. अकराला ओठ सुजले. बाराला डोळ्यांच्या पापण्या फुगून मिटल्या, अंगावर लाल चट्टे उठले. पद्माक्कांनी ओलं फडकं दिलं, ते त्यांनी गालाला लावलं आणि कण्हले. त्यांना कण्हताना मी पहिल्यांदा ऐकलं. एकला लघवी झाली, ती काताच्या पाण्यासारखी. मी भांडं दाराशी नेऊन बघितलं. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारात मी तो रंग बघितलेला होता. त्यानंतर लघवी झालीच नाही.

"डॉक्टरांना बोलावते," मी म्हटलं.

"नगं. पडदा उघडू नगा, चौदा दिवस वाया जातील. सयाजीला येऊ द्या." आवाज घोगरा झाला होता, शब्द सुजलेल्या जिभेवरून घसरत होते.

मी त्यांचं ऐकलं. तीन तास ऐकलं. मनगट हातात धरून नाडी मोजत राहिले, ८८, ९६, ११२, आणि दर वेळी लिहीत राहिले. भीतीने माझी मान आखडली होती. पडद्याबाहेर अंजना सागरगोटे खेळत होती, तिला आत काय चाललंय ते कळू नये म्हणून पद्माक्का बाहेर तिच्याशी मोठ्याने बोलत आणि आत आल्या की तोंडात पदर कोंबत.

चार वाजून दहा मिनिटांनी सयाजी आला. पणती वर करून त्याने तोंड बघितलं.

"आज काय येगळं केलं?"

"काहीच नाही रे."

"बाई, वही वाचा."

मी वाचायला लागले. थंडी बरीच. थर्मामीटर. काढा साडेसातला. बिब्बे चौदा. नाडी ७६. वजन पावशेर कमी. आज चतुर्दशी, म्हणून... आणि माझा आवाज थांबला.

सयाजीने वही माझ्या हातातून घेतली, पणतीजवळ धरली. "तूप न्हाई? चौदा बिब्बं, आन तूप न्हाई?" तो जमिनीवरच बसला. मग उठला. "तूप आना. दूध आना. आत्ता!"

नेमाण्णांनी हात वर केला. डोळे मिटलेले, पण कान शाबूत होते. "उद्या. दिवस उगवल्यावर."

"उद्याचा दिस कुनी बगितलाय, अण्णा? मूत बंद पडलंय तुमचं!"

"त्याग हाय."

"अंजनासाठी बसला न्हवं तुमी हितं? मग तिच्यासाठी प्या की!"

नेमाण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं आता पद्माक्का पाया पडतील, रडतील. त्या पडद्याला धरून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तूप सोडलंय. दूध सोडलंय. नारळ न्हाई सोडला."

सयाजी त्यांच्याकडे बघतच राहिला. "खोबऱ्याचं दूध! बिब्बा उतला की म्हाताऱ्या खोबरंच देत्यात. अक्का, वाटा. बाई, पळा."

घरात एकच नारळ होता. मी टांगेवाल्याच्या हाती सांगलीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि संगमेश्वराच्या देवळासमोरच्या दुकानाकडे धावले. शेहेचाळीस वर्षांची विधवा भर रस्त्यातून पळतेय म्हटल्यावर लोक ओट्यावर उभे राहिले. दुकानातली बनुबाई म्हणाली, "आवं बाई, नवस काय पळून जातोय व्हय?" मी चार नारळ पदरात घेतले आणि उत्तर न देता परत धावले.

पद्माक्कांनी खोबरं किसलं, वाटलं, पिळलं. सयाजीने चमच्याने पाजायला सुरुवात केली. घसा एवढा सुजला होता की एक चमचा उतरायला मिनिट लागे, आणि प्रत्येक घोटाला नेमाण्णांचे पाय आखडत. शिंकाळ्यावरचं तूप त्याने त्यांच्या अंगाला चोळलं. अंगाला लावायला नेमाण्णांनी ना म्हटलं नाही.

"तीन प्याले तरी पोटात जाय पायजेत," सयाजी माझ्या कानात म्हणाला. "न्हाई तर रात निघायची न्हाई."

साडेपाचला पहिला पेला संपला. माझ्या हातात यजमानांचं खिशातलं घड्याळ होतं. त्या दिवसांत सूर्य सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना मावळत असे. दुसरा पेला अर्ध्यावर आला तेव्हा पाच अठ्ठावन्न झाले.

नेमाण्णांनी ओठ मिटले.

"बाई," ते म्हणाले. "दिवस हाय काय?"

त्या खोलीत दिवस-रात्र काहीच कळत नव्हतं. पणती सकाळी होती तशीच होती.

"हाय की अण्णा, ढीगभर हाय," सयाजी म्हणाला.

"तू गप. तू हवालदार, तू मला पाजाय खोटं बोलशील. आन ही रडंल. बाई सांगतील."

मी घड्याळाकडे बघितलं. मला आठवतं, घड्याळाच्या काचेवर तुपाचं बोट उमटलं होतं आणि मी ते पुसत राहिले. ते आत्ता गेले तर त्याग सांभाळून जातील, हे मला कळत होतं. मी हो म्हटलं आणि तरीही ते गेले, तर चाळीस वर्षं सांभाळलेलं माझ्या एका शब्दाने मोडून जातील, आणि त्यांना ते कळणारही नाही. दोन्ही भीती एकदम अंगावर आल्या. पडद्याबाहेर अंजनाचा सागरगोटा फरशीवर टप्पकन पडला.

"आहे," मी म्हटलं. "अजून आहे."

त्यांनी तोंड उघडलं.

त्यांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी आहे म्हटलं. तिसरा पेला चालू असताना पद्माक्का शेवटचं वाटण घेऊन आल्या. दोन्ही पडदे क्षणभर एकदम सरकले आणि त्यांच्या मागे स्वच्छ चतुर्दशीचं चांदणं दिसलं. नेमाण्णांच्या पापण्या सुजून मिटलेल्या होत्या. पद्माक्कांनी माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग खाली बसून पदराने चमचा पुसला आणि सयाजीच्या हातात दिला.

तिसरा पेला सहा अठ्ठावीसला संपला. त्यानंतर वाट बघणं. सयाजी पाय पोटाशी घेऊन बसला होता. "बाई, मी मानूस मारला," एवढंच तो मधूनमधून म्हणे. मी नाडी धरून होते. मला प्रार्थना सुचत नव्हती, कोणाकडे आणि कशाची करायची तेच ठरत नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी लघवी झाली. पाव पेला, काळपट. सयाजी ते भांडं दोन्ही हातांनी बाहेर चांदण्यात घेऊन गेला आणि तिथेच उभा राहून लहान मुलासारखा रडला.

डॉक्टर साडेआठला आले. पडदे त्यांनी ओढून फेकून दिले. मूत्रपिंडांना मार बसला आहे, दहा दिवस काही सांगता येणार नाही, म्हणाले. सयाजीला आणि मला ते जे बोलले ते आम्हाला बोलायलाच हवं होतं.

नेमाण्णा वाचले. महिनाभर अंगाची साल निघत होती, हातांवर काळे डाग कायमचे राहिले. पेवात ते पुन्हा उतरले नाहीत, पण तोंडाशी पालथे पडून वास घ्यायचे आणि "अजून न्हाई" म्हणायचे. ते आणखी अकरा वर्षं जगले. पंधरा नाही. अंजना तेव्हा पंधरा वर्षांची होती, दुसऱ्या वर्षी मॅट्रिक झाली. सयाजी रहिमतपूरला परत गेला. त्याने पुढे औषध म्हणून कुणाला तुळशीचं पानसुद्धा दिलं नाही, असं तानुबाईने कळवलं. ती वही मी ठेवून घेतली. आता वर्तमानपत्रात म्हातारपण लांबवण्याच्या संशोधनाबद्दल येतं, ते मी सगळं वाचते. चांगली गोष्ट आहे. व्हावी. पण वाचताना माझी मान आखडते.

त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळला, हे नेमाण्णांनी मला कधीच विचारलं नाही. अकरा वर्षं मी वाट बघितली. पद्माक्कांनी दुसऱ्या दिवसापासून तीन उपास केले. कशाचे, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या रात्री नऊला, ते सकाळ बघतील की नाही हे ठाऊक नसताना, मी वही उघडली. नाडी लिहिली, लघवी लिहिली, डॉक्टर आल्याची वेळ लिहिली. खोबऱ्याच्या दुधाचे पेले एकाखाली एक लिहिले. पहिल्यापुढे वेळ घातली, साडेपाच. पुढच्या दोन पेल्यांसमोरची जागा कोरी सोडली. मग टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि खाली एवढं लिहिलं:

पाच नारळ फोडले. करवंट्या बंबासाठी परसात वाळत घातल्या.